नळापाशी मुंग्या

“मार्च महिन्याची नऊ तारीख, रविवार, सकाळचे दहा वाजून वीस मिनिटे, दुमजली घराचा तळमजला, न्हाणीघराच्या दाराबाहेरची भिंत, जमिनीपासून चार फूट. या वेळी व या स्थळी, करंट गळू लागताच आपोआप बंद पडणारे सॉकेट घरच्या माणसाने स्वहस्ते बसवले.”

एवढा मजकूर घड्याळजींनी टोक काढलेल्या पेन्सिलीने सॉकेटच्या झाकणाच्या आतल्या अंगाला लिहिला, त्यावर फुंकर मारली आणि मग झाकणाचे दोन्ही स्क्रू आवळले. ही त्यांची चाळीस वर्षांची सवय. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या पाठच्या झाकणात, गिऱ्हाइकाच्या नजरेस कधीही पडणार नाही अशा जागी, ते सुईच्या टोकाने तारीख कोरत आले होते. पुढे कधी कोणी ते घड्याळ उघडलेच, तर काम केव्हाचे आणि कोणाच्या हातचे, हे त्याला कळावे. काम बरे असो वा वाईट, ते बेवारशी सोडू नये, असे त्यांचे मत होते आणि या मताविरुद्ध बोलणाऱ्याशी ते तासभर वाद घालीत.

सॉकेटचा आग्रह मुलीचा. तिची दीड वर्षाची लेक, जिला सगळे भिंगरी म्हणत, आता जिथे हात पोचेल तिथे हात घालू लागली होती. आणि मायलेकी तीन महिने राहायला यायच्या होत्या.

“बाबा, तुमचं न्हाणीघर म्हणजे चहूकडे पाणी आणि मधोमध कपडे धुण्याचं मशीन,” मुलगी फोनवर म्हणाली होती. “ते सेफ्टीचं सॉकेट लावल्याशिवाय मी हिला घेऊन पाऊल टाकत नाही. आणि वायरमनला बोलवा हं. स्वतः पेचकस घेऊन बसू नका.”

“केसाएवढी स्प्रिंग बसवतो मी. मला चार वायरी जमणार नाहीत?”

“जमतील हो. पण आई काय म्हणायची? यांच्या हातात पेचकस आला की घरातली एक तरी वस्तू दोन दिवस बंद.”

यावर दोघेही हसले. आई जाऊन चौदा महिने झाले होते. जानेवारीतल्या एका बुधवारी, सकाळी सात वाजायला दहा मिनिटे असताना, धुण्याची बादली नळाखाली लावता लावता ती न्हाणीघरात कोसळली. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचे सांगितले, तसे लिहूनही दिले, आणि साठीच्या पुढच्या बाईचे हृदय बंद पडू शकते हे सर्वांनी मान्य केले. घड्याळजींनीही केले.

काम त्यांनी आपल्या रीतीने केले. मेन स्विच बंद केला, सॉकेटबरोबर आलेला कागद टेबलावर पसरून चारही कोपऱ्यांवर वजने ठेवली, तो दोनदा वाचला. आत येणाऱ्या दोन वायरी वरच्या पेचांत, पुढे जाणाऱ्या दोन वायरी खालच्या पेचांत. पुढे जाणारी लाइन भिंतीतून न्हाणीघरात मशीनच्या पॉइंटपर्यंत जात होती. म्हणजे आता त्या लाइनीत कुठेही करंट गळला तरी हे सॉकेट तोंड मिटणार होते. मेन चालू करून त्यांनी ‘टेस्ट’चे बटण दाबले. टक्. ‘रिसेट’ दाबले. पुन्हा चालू. आवाज कोरडा आणि नेमका होता, चांगल्या यंत्राचा असतो तसा. घड्याळजींना तो आवडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते अंथरुणात जागे होते, तेव्हा तो आवाज पुन्हा आला.

टक्.

घरात अकरा घड्याळे चालत होती आणि त्या अकराही जणांची टिकटिक त्यांना अंधारातसुद्धा वेगवेगळी ओळखता येत असे. हा आवाज त्यांतला नव्हता. ते उठून पाहतात तो सॉकेटवरचा हिरवा दिवा गेलेला. सॉकेटमध्ये काहीही खुपसलेले नव्हते. मशीनची पिन काढून वायर मशीनवरच गुंडाळून ठेवलेली, चौदा महिने तशीच. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सहा पन्नास.

मंगळवारी सहा पन्नास. बुधवारी सहा एक्कावन्न. गुरुवारी पुन्हा सहा पन्नास. नव्या यंत्राला अंग मोकळे करायला दोन दिवस लागतात, असे स्वतःला समजावीत ते रोज रिसेटचे बटण दाबीत. शनिवारी मात्र ते साडेसहापासूनच न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसले होते, आणि आपण वाट पाहत आहोत हे त्यांच्या लक्षात आले.

रविवारी सहा पन्नासला आवाज आला नाही. सात वाजले, साडेसात झाले. घड्याळजी स्टुलावरून उठले, स्वतःला दोन शब्द ऐकवले, चहा टाकला. आठ वाजून दहा मिनिटांनी, चहा गाळताना, पलीकडून टक् झाले, आणि गाळणी त्यांच्या हातून पातेल्यात पडली. रविवारी धुणे उशिरा असे. आठवड्यातून एक दिवस बायको आठपर्यंत झोपे, आणि उठवायला गेले की पांघरुणातूनच म्हणे, “आज मला सुट्टी आहे. तुमच्या घड्याळांना सांगा.”

त्या दिवसापासून घड्याळजींनी त्या आवाजाला कारण शोधायचे सोडून दिले. सकाळी ते दाढी करून, धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसत. टक् झाले की म्हणत, “झालं का सुरू?” आणि थोडा वेळ थांबून हिरवा दिवा पुन्हा लावून देत, जणू दार उघडून धरावे. यात भीती नव्हती असे नाही. मानेवरचे केस रोज उभे राहत. पण चौदा महिन्यांत पहिल्यांदाच त्या घरात सकाळ झाल्यासारखी वाटत होती.

खरी भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती गोष्ट मुंग्यांची होती.

ती जाण्यापूर्वी दोनेक महिने, एका सकाळी, न्हाणीघरातून तिचा आवाज आला होता. “अहो, इथे नळापाशी मुंग्या येतात हो!”

घड्याळजी डोळ्याला भिंग लावून एका मनगटी घड्याळाच्या पोटात शिरलेले. “लाल की काळ्या?” त्यांनी मान वर न करता विचारले.

आतून हसू ऐकू आले. “तुमचं आपलं काहीतरीच!”

त्याच संध्याकाळी त्यांनी मुंग्यांचा खडू आणला आणि नळाभोवती एक रेघ अशी ओढली की कंपासनेही तितकी गोल येऊ नये. ती दारात उभी राहून पाहत होती. तिने कपाळाला हात लावला आणि आत निघून गेली. आठवड्याने पुन्हा: “मुंग्या काही गेल्या नाहीत हं.” यांनी पावडर आणली. “न्हाणीघरात साखर सांडतेस का काय?” ही थट्टा पुढे घरात रुळली, मुलीलाही फोनवर सांगून झाली.

तिसऱ्या वेळी नळ सोडलेला होता. पाण्याच्या आवाजातून तिचे वाक्य अर्धेच आले. “अहो, खरंच सांगते, हाता...” आणि पुढचे अक्षर बादलीत पडणाऱ्या पाण्याने खाऊन टाकले. “...मुंग्या येतात!”

“मग हात धू!” ते ओरडले होते. हात तर ती धूतच होती.

हे वाक्य आता सॉकेटच्या प्रत्येक आवाजाबरोबर परत येऊ लागले. ती ‘हातावर’ म्हणाली होती की ‘हाताला’? हातावर मुंग्या येतात त्या सहा पायांच्या. झटकल्या की पडतात. हाताला मुंग्या येतात त्या वेगळ्या. त्या दिसत नाहीत, त्यांना खडू लागत नाही, आणि नळाला हात लावल्यावर त्या येत असतील तर त्यांचे नाव दुसरेच असते. दिवसाला अर्ध्या सेकंदाची चूक पकडणारा हा माणूस एका प्रत्ययापाशी येऊन अडला होता. स्टुलावर बसून ते ते वाक्य पुन्हा पुन्हा लावून पाहत. कधी ‘वर’ स्पष्ट ऐकू येई आणि जीव भांड्यात पडे. कधी ‘ला’ इतका स्वच्छ येई की ते उठून उभे राहत. एक गोष्ट मात्र ध्यानात होती: त्या नळाभोवती एकही मुंगी त्यांनी स्वतः कधी पाहिली नव्हती. न पाहताच रेघ ओढली होती.

आणि सॉकेटबरोबरच्या कागदावर तळाशी छापलेले होते, ‘सॉकेट वारंवार बंद पडत असल्यास लाइनीत गळती आहे, जाणकारास दाखवावे.’ तेही त्यांनी दोनदा वाचले होते. जाणकाराला दाखवले की दोनच गोष्टी होणार. एक तर गळती नाही असे निघणार, मग रोज येते ती बायकोच. किंवा गळती आहे असे निघणार, मग बायको येत नाही, आणि वर मुंग्यांचे ती खरे बोलत होती. म्हणून घड्याळजी कोणालाही दाखवीत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात आवाज बंद झाला. शुक्रवारी सहा पन्नास आले आणि गेले. शनिवारीही तेच. रविवारी ते आठ दहापर्यंत थांबले, नऊपर्यंत थांबले. हिरवा दिवा स्थिर जळत होता. घर पुन्हा नुसते घर झाले होते, आणि अकरा घड्याळे आपापले काम करीत होती. सव्वानऊला घड्याळजींनी हात लांब करून ‘टेस्ट’चे बटण दाबले.

टक्.

“झालं का सुरू?” ते म्हणाले, आणि आपलाच आवाज ऐकून त्यांनी तोंड दोन्ही हातांनी झाकून घेतले.

सोमवारी सहा पन्नासला सॉकेट आपण होऊन बंद पडले. जिन्यात वरच्या मजल्यावरचा कंपाउंडर भेटला. तीन दिवस सासुरवाडीला जाऊन आलो, म्हणाला. घड्याळजींनी ते ऐकले आणि ऐकले नाही असे केले.

त्याच संध्याकाळी मुलीचा फोन आला. “बाबा, गुरुवारी येतोय. सॉकेट चालतं ना नीट?”

“चालतं.”

“बघा हं. ही हल्ली नळाला लोंबकळते. बादलीवर चढते आणि दोन्ही हातांनी नळ धरून उभी राहते. झोपेतून उठल्या उठल्या पहिला कार्यक्रम तोच.”

“किती वाजता उठते?”

“काय सांगू! साडेसहाला कोंबडी उठावी तशी. का हो?”

पलीकडे भिंगरीने फोन ओढून घेतला असावा; त्यात तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

फोन ठेवल्यावर त्यांनी विजेच्या सामानाच्या दुकानदाराकडून वायरमनचा नंबर घेतला. बुधवारी सकाळी सव्वासहाला दार वाजले. दारात पन्नाशीची, खाकी पिशवी खांद्याला लावलेली, रबरी बूट घातलेली बाई उभी होती.

“वायरमन?” घड्याळजी तिच्या मागे बघत म्हणाले.

“मीच. मागे कोणी नाही, काका. आणि वायरबाई म्हणू नका, माझा नवरा म्हणतो तेवढं पुरे.” ती आत आली. “सहा पन्नासलाच यायचं म्हणालात. मुहूर्त काढलाय का?”

“त्याच वेळेला बंद पडतं.”

“रोज?”

“रविवारी आठ दहाला.”

वायरमन बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले. मग सॉकेटचे झाकण उघडले, आतला मजकूर वाचला आणि भुवया चढवल्या. “अरे बापरे! मी घरं बांधलेली पाहिली, त्यांच्याही पाटीवर एवढं लिहीत नाहीत. पण वायरी चोख लावल्यात. सॉकेटचा दोष नाही.” त्यांनी न्हाणीघरात जाऊन नळ, भिंत, छत पाहिले, बोटाच्या पेराने भिंत ठोकली. “पाइप कधी बदलला?”

“दोन वर्षं झाली. लोखंडी गंजला होता. प्लास्टिकचा घातला.”

“नळ तेवढा लोखंडाचा ठेवलात. म्हणजे नळाला जमीन राहिली नाही, अर्थिंग गेलं. पूर्वी भिंतीत करंट गळला तरी पाइपातून खाली जात असेल. आता जाईल कुठे?” त्यांनी मशीनच्या पॉइंटला काहीतरी केले, बाहेर येऊन मेन पाडला, सॉकेट तात्पुरते बाजूला काढले, लाइन थेट जोडली आणि मेन पुन्हा लावला. “आता हे आपलं तोंड मिटणार नाही. पूर्वी होतं तसं झालं. नळाला हात लावायचा नाही, सांगून ठेवते.” मीटरची एक वायर नळाला चिमट्याने अडकवून दुसरी त्यांनी ओल्या फरशीवर टेकवली. “शून्य. थांबू या तुमच्या मुहूर्ताला.”

दोघेही थांबले. सहा अठ्ठेचाळीसला वरच्या मजल्यावर बादली सरकल्याचा आवाज झाला. मग पाणी पडू लागले, आणि वरच्या मोरीतून उतरणारे पाणी भिंतीच्या आतून, गळ्यात आवंढा अडकावा तसे, खाली येऊ लागले.

“वर कोण?”

“कंपाउंडर. आठ वाजता दवाखाना उघडतो.”

“रविवारी बंद असेल.”

“हो,” घड्याळजी म्हणाले. म्हणताना त्यांना जाणवले की इतका वेळ दाराशी कोणी उभे होते आणि ते आता तिथे नाही.

मीटरचे आकडे हलले. अर्धा. दोन. चार. बाई खाली वाकून ते पाहत असताना घड्याळजी पुढे झाले आणि त्यांनी उजवा हात नळावर ठेवला.

तळव्यापासून कोपरापर्यंत हजारो बारीक पाय एकदम चालू लागले.

“ओ काका! अक्कल गहाण ठेवलीत का?” बाईंनी त्यांच्या सदऱ्याला धरून त्यांना मागे खेचले आणि धावत जाऊन मेन पाडला. “सांगितलं होतं ना मी? माझ्यासमोर नको, मी नसताना काय वाट्टेल ते करा!”

घड्याळजी आपल्या हाताकडे पाहत होते. त्यावर काहीही नव्हते.

बाई बडबडतच स्टुलावर चढल्या आणि छताखालच्या, रंगाने बुजलेल्या एका चौकोनी डबीचे झाकण त्यांनी पात्याने सोडवले. आतून ओल्या मातीचा वास आला. वरच्या मोरीचे पाणी भिंतीतून नेमके त्या डबीत झिरपत होते आणि तिथून भिंत नळापर्यंत ओली झाली होती. डबीत दोन वायरींचा जोड होता, आणि त्यावर, टेपच्या खाली, रेशमी धागा एकाला एक चिकटून असा गुंडाळला होता की मधे केस जाऊ नये.

“जोड बाकी सुंदर मारलाय,” बाई म्हणाल्या. “इतका सुबक मी आयुष्यात पाहिला नाही. पण टेप कापडाची आणि खाली रेशीम. दोन्ही पाणी पितात. कोणी केलं हे?” मग त्यांनी झाकण उलटे केले आणि थबकल्या. झाकणाच्या आतल्या अंगाला टोकदार पेन्सिलीने अकरा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली होती; खाली ‘मशीनसाठी लाइन पुढे नेली, स्वहस्ते’. बाहेरच्या सॉकेटमध्ये होते तेच अक्षर.

त्यांनी झाकण अलगद खाली ठेवले.

घड्याळजी पालथ्या बादलीवर बसले. “आमची ही इथेच पडली,” ते म्हणाले. “याच वेळेला. गेल्या वर्षी जानेवारीत. डॉक्टर म्हणाले हृदय. हात नळावर नव्हता, बादलीच्या कडीवर होता. प्लास्टिकच्या. पण मला सांगा. तुम्ही रोज हे बघता. यानं माणूस मरतो का?”

बाई स्टुलावरून उतरल्या. त्यांनी मेन पुन्हा लावला, घड्याळजींना दाराबाहेर उभे केले, मीटर बदलून लावला, वर आंघोळ चालू असताना आकडा कुठवर चढतो ते पाहिले, मग नळावर आणि भिंतीवर तीन ठिकाणी तो पुन्हा पाहिला, आणि मेन पुन्हा पाडून पिशवीतून नवी वायर काढली.

“त्या दिवशीचं मी सांगू शकत नाही, त्या दिवशी मी नव्हते,” त्या म्हणाल्या. “हे असं ठेवू नये, कधी वाढेल सांगता येत नाही, म्हणून आजच ही लाइन मी मोडणार आणि बाहेरून नवीन नेणार. उद्या तुमची नात खुशाल लोंबकळू दे. पण आज जेवढं येतंय तेवढंच येत असेल, आणि हात बादलीवर असेल, तर डॉक्टरांनी बरोबर लिहिलंय. एवढ्यानं माणूस मरत नाही, काका. मुंग्या येतात.”

वर नळ बंद झाला. भिंतीतले पाणी थोडा वेळ घुटमळले आणि थांबले.

“हातावर?” घड्याळजींनी विचारले.

“हातावर कशा येतील?” वायर सोलता सोलता बाई म्हणाल्या. “हाताला.”